वाचकांचे प्रश्न: चॅट सर्व्हरच्या प्रोजेक्टमध्ये शिरायचं कुठून?

प्रश्न: ऑफिसात काही वर्षं जावा लिहितोय, पायथन पण थोडंफार येतं. ओपन सोर्स मेसेजिंग सर्व्हरच्या डेव्हलपमेंटमध्ये भाग घ्यायचाय. एकाचा सोर्स उतरवून घेतला पण एवढ्या फाइल बघून बंदच केला. एखादं नवीन फीचर करून सुरुवात करू का?

उत्तर: फीचरचं आत्ता डोक्यातून काढून टाका. आणि सोर्स पहिल्या फाइलपासून वाचायचा नाद पण सोडा, तसा तो कोणीच वाचत नाही.

आधी सर्व्हर निवडा. जावावाल्याला ओपनफायर आहे. पायथन हवं असेल तर मॅट्रिक्स या चॅट प्रोटोकॉलचा सिनॅप्स, पण त्याचा आवाका मोठा आहे आणि कोड द्यायच्या आधी एक करार मान्य करावा लागतो. इजॅबर्ड २००२ पासून चालू आहे, दणकट, पण ते ज्या भाषेत लिहिलंय ती एर्लँग नवख्याला जड जाते. माझं मत विचाराल तर शिकायला प्रॉसडी बरं, लुआत लिहिलंय, लुआ वाचण्यापुरती लवकर येते आणि एकेक काम सुट्या मॉड्यूलमध्ये ठेवलंय, त्यामुळे एक फाइल उघडली की ती काय करते ते एका बैठकीत समजतं.

मग तो लॅपटॉपवर चालवा, दोन अकाउंट काढा, त्यातलं एक फोनवर उघडा, लॉग डीबगवर ठेवा आणि एक 'हॅलो' पाठवून तो कुठून कुठे गेला ते लॉगमध्ये बघा. आता फोनचं नेट मध्येच बंद करा. खरी मजा इथे आहे. समोरचा गेलाय हे टीसीपीला (नेटवरची जोडणी सांभाळणाऱ्या प्रोटोकॉलला) लगेच कळत नाही, सर्व्हर आपला मेसेज पाठवून मोकळा आणि फोनवर काहीच पोचलेलं नाही. यासाठी एक्सएमपीपीत (ओपनफायर, इजॅबर्ड आणि प्रॉसडी याच प्रोटोकॉलवर चालतात) स्ट्रीम मॅनेजमेंट आहे, म्हणजे एक्सईपी-०१९८ ही त्या प्रोटोकॉलची पुरवणी. दोन्हीकडे मोजणी चालू असते, सर्व्हर विचारतो किती मिळाले, फोन म्हणतो ७, सर्व्हरने १० पाठवलेले असतील तर शेवटचे ३ त्याने रांगेत धरून ठेवायचे आणि फोन परत जोडला गेला की पुन्हा द्यायचे. फोन ठरलेल्या वेळेत आलाच नाही तर ते ऑफलाइन साठ्यात टाकायचे. पण फोनने मेसेज घेतला, पोच द्यायच्या आत नेट गेलं आणि जुनं सेशन परत जोडलंच गेलं नाही तर? तोच मेसेज दोनदा येणार. बग असल्याच फटीत बसलेले असतात.

आता बगची यादी उघडा. तिथे कोणीतरी 'कधीकधी मेसेज दोनदा येतो' एवढंच लिहून गायब झालेलं असतं. ते 'कधीकधी' घालवून 'एवढं केलं की दरवेळी येतो' इथपर्यंत आणा, व्हर्जन, कॉन्फिग आणि लॉग जोडा (पासवर्ड काढून हो!). मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, कोणाच्या फीचरपेक्षा हे शंभर पटीने हवं असतं. जमलं तर त्याची टेस्ट लिहा. तोपर्यंत कोडमधली ती जागा तुम्हाला पाठ झालेली असते, दुरुस्ती पण मग बहुतेक तुम्हीच करता.

प्रश्न: एका प्रोजेक्टला पॅच (कोडमधला बदल) पाठवून महिना झाला, कोणी बघतच नाही. काय करू?

उत्तर: पॅच केवढा आहे? त्यात दुरुस्ती, नावं बदलणं आणि स्पेसची आवराआवर एकत्र असेल तर मी पण पुढे ढकलला असता. तोडून लहान करा, टेस्ट जोडा आणि एकदा नम्रपणे आठवण करा, बरेच मेंटेनर नोकरी सांभाळून हे करतात. अजून एक बघा, तुमच्या बदलाने सर्व्हर आणि क्लायंटमधलं बोलणंच बदलतंय का? तसं असेल तर एकट्या सर्व्हरवाल्यांनी हो म्हणून भागत नाही, क्लायंटवाल्यांना पण ते पाळावं लागतं, म्हणून आधी प्रोटोकॉलचा प्रस्ताव लागतो, एक्सएमपीपीत एक्सईपी आणि मॅट्रिक्समध्ये एमएससी. आणि पॅच सुरक्षेच्या भोकाचा असेल तर असा उघड्यावर ठेवायचा नसतो, प्रोजेक्टने त्यासाठी दिलेल्या खासगी पत्त्यावर आजच कळवा.