व्हेंटिलेटर नको म्हटलं तर पाप लागतं का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाबांना शेवटच्या स्टेजचा फुप्फुसाचा कॅन्सर होता. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं, आम्ही भावंडांनी नको म्हटलं. दोन दिवसांत गेले. आत्या म्हणते तुम्हीच मारलंत. (वसई)

नाही ताई, तुम्ही नाही मारलंत, हे आधी सांगते मग बाकीचं. जीव घेणं वेगळं आणि येणाऱ्या मरणाला मशीन लावून अडवत न बसणं वेगळं, आणि आपलं कॅथलिक चर्च हे काही आज म्हणत नाहीये. १९५७ मध्येच पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञ डॉक्टरांना सांगितलेलं की नेहमीचे उपाय करणं आपलं कर्तव्य आहे, पण पेशंटला किंवा घरच्यांना फार जड जाणारे असाधारण उपाय केलेच पाहिजेत असं बंधन नाही. १९८० च्या व्हॅटिकनच्या जाहीरनाम्यातही तेच आहे. चर्चला नामंजूर काय, तर मरण यावं म्हणून मुद्दाम इंजेक्शन देणं, किंवा अंग पुसणं, तोंड ओलं करणं, शरीर घेतंय तोवर अन्नपाणी देणं, ही साधी काळजीच बंद करणं. तुम्ही यातलं काय केलंत? पोप जॉन पॉल दुसरे २००५ मध्ये गेले ना, त्यांनाही शेवटी परत हॉस्पिटलात नेलं नव्हतं, आपल्या खोलीतच गेले. आत्याला हे सांगा, पण भांडून नको, तिचाही भाऊ गेलाय.

प्रश्न : आईला मॉर्फिन लिहून दिलंय. मोठा भाऊ देऊ देत नाही. म्हणतो त्याने ती लवकर जाईल, आणि प्रभूने क्रुसावर सोसलं तर आपणही सोसावं. (नाशिक)

हे वाचून मला फार वाईट वाटलं. आपलं दुखणं प्रभूला अर्पण करणं ही मोठी भक्ती आहे, पण ती ज्याचं दुखतंय त्याने स्वतःहून करायची, कण्हणाऱ्या आईवर मुलाने लादायची नाही. डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, उलट दुखणं कमी झालं की झोप लागते, दोन घास जातात, आई तुमच्याशी बोलते. आणि समजा कधी औषधाने आयुष्य थोडं कमी होईल अशी शक्यता असली तरी हेतू दुखणं थांबवायचा असेल तर ते चालतं, हेही पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच सांगितलंय. सिसिली साँडर्स म्हणून एक बाई होत्या, आधी नर्स मग समाजसेविका मग डॉक्टर, श्रद्धा पक्की, त्यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. त्यांचा आग्रह असायचा की औषध घड्याळ बघून द्या, दुखणं परत यायच्या आत द्या, पेशंटला मागायला लावू नका. तुम्हीही तसंच करा, आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून नक्की मागून घ्या, मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच.

प्रश्न : हॉस्पिसमध्ये ठेवलं तर लोक म्हणतील टाकून दिलं. (मुंबई)

म्हणू देत. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, भारतातलं पहिलं हॉस्पिस, तिथे होली क्रॉसच्या सिस्टर्स बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर पेशंटांची सेवा करतात, धर्म न विचारता. एकदा जाऊन बघून या, मग ठरवा.

प्रश्न : लिव्हिंग विल ख्रिस्ती माणसाने करावं का? काही बिशप तर इच्छामरणाच्याही बाजूने आहेत म्हणे. (पुणे)

लिव्हिंग विल, म्हणजे पुढे आपल्याला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, जरूर करा. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. फक्त त्यात 'मला मारा' असं येत नाही, 'माझं मरण उगाच लांबवू नका' एवढंच येतं. आणि हो, २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरीचे माजी आर्चबिशप जॉर्ज कॅरी आणि दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनचे माजी आर्चबिशप डेस्मंड टूटू दोघांनी मरायला मदत करण्याच्या बाजूने मत दिलं, पण चर्च ऑफ इंग्लंडची अधिकृत भूमिका विरोधातच राहिली. त्यांची करुणा खरी आहे हे मी मानते तरी त्यांच्याशी सहमत नाही, कारण 'मला संपवा' म्हणणाऱ्याजवळ जरा बसलं की बऱ्याचदा कळतं, त्याला दुखतंय, नाहीतर आपण पोरांवर ओझं झालोय असं वाटतंय. त्या दोन्हींवर काही करता येतं.

प्रश्न : फादरांना कधी बोलवायचं? आई घाबरेल म्हणून थांबलोय. (पालघर)

थांबू नका. तैलाभ्यंग, म्हणजे फादरांनी प्रार्थना करून पवित्र तेल लावणं, हा फक्त शेवटच्या श्वासाचा संस्कार नाही, तो आजाऱ्यांसाठी आहे, याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात बघा, 'कोणी आजारी आहे काय' असंच विचारलंय, मरतोय काय असं नाही. आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. बेशुद्ध झाल्यावर बोलवलं तर फादरांजवळ पापांची कबुली द्यायची राहून जाते, कम्युनियनचा प्रसाद गिळता येत नाही. आई बोलतेय तोवर, उद्या सकाळीच फोन करा.