पुढे कधी सांगणार, तेही सांग

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

आपत्तीच्या वेळी मदतकेंद्रात लोकांशी बोलायचं काम तुझ्याकडे आलंय, म्हणून हे पत्र. दोर, विजेऱ्या, औषधं यांची यादी सगळे करतात. बोलण्याची तयारी मात्र आयत्या वेळेवर सोडतात.

घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात एका वेळी फार मावत नाही. दोन-तीनच गोष्टी सांग. कृती आधी, कारण नंतर: "आत्ता बाहेर पडा. डावीकडच्या जिन्याने उतरा. मैदानात थांबा." सूचना ऐकूनही लोक लगेच हलले नाहीत, तर चिडू नकोस. ते घरच्यांना फोन करतात, शेजारी काय करतोय ते बघतात, खात्री पटली की निघतात. म्हणूनच भोंगा, एसएमएस आणि दारोदार फिरणारे स्वयंसेवक या सगळ्यांकडून तोच मजकूर त्याच शब्दांत जायला हवा. आवाजी फोन लागत नसले, तरी एसएमएस पुष्कळदा पोचतो.

मदतीच्या कामातल्या आपल्या सहकाऱ्यांशी बोलताना भिडस्तपणा नको. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाहून न्यूयॉर्कला निघालेलं एक विमान इंधन संपून लाँग आयलंडवर कोसळलं. ७३ जण गेले. इंधन संपत आलंय, प्राधान्य हवंय, असं विमानातून कळवलं होतं. पण आणीबाणी जाहीर केली नाही आणि खाली जमिनीवरच्या विमान-नियंत्रकांना निकड उमगली नाही. तेव्हा कुठे, काय हवं, किती आणि किती वेळात, हे चारही सांग. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावं, मग तू "बरोबर" म्हण. नुसत्या "हो, हो"वर फोन ठेवायचा नाही. चुकीच्या फाट्यावर गेलेली रुग्णवाहिका बहुधा अशाच "हो"मुळे जाते.

काही माहीत नसेल, तर तेही उघड सांग: एवढं कळलंय, एवढं कळलेलं नाही, शोध असा चाललाय, सहा वाजता पुन्हा सांगू. आणि सहाला नवं काही नसलं, तरी समोर जाऊन तेवढंच सांग. माझ्या मते सगळ्यात जास्त हेच चुकतं. वेळ टळली की अफवा ती जागा घेते.

आपलं माणूस सापडत नसलेल्याशी बोलताना खाली बस, नजरेच्या पातळीवर ये, नाव विचार. "रडू नका", "सगळं ठीक होईल" असं म्हणू नकोस. ते तुझ्या हातात नाही. काय घडलं ते खोदून विचारू नकोस. त्यांना सांगावंसं वाटलं तर ऐक, गप्प राहिले तर तूही गप्प बस. मग एकच विचार: "आत्ता काय हवंय?" पाणी, फोन, नोंदणीचं टेबल, जे असेल तिथपर्यंत स्वतः सोबत जा. नुसतं बोट दाखवलंस, तर ते माणूस वाटेतच थांबतं.

पाळी बदलताना कोणाला कोणती वेळ दिली आहे, ते वहीत लिहून पुढच्याला वाचून दाखव. वही कोरी असेल, तर आजच रकाने आखून ठेव: नाव, प्रश्न, दिलेली वेळ, उत्तर कोण देणार.

कळावे.