धरणात कॅटामरान आणतोस तर आधी हे आयक

भाऊ, धरनात कॅटामरान, म्हनजे दोन लांबट सांगाड्यायच्या (हलच्या) शिडाच्या बोटी, आनून रेस लावायचा तुझा उत्साह पाहून लय बरं वाटलं, पन एकदम पाच-सहा बोटी घ्यायच्या मागं लागू नको. आधी दोनच घे, दोन्ही एकाच क्लासच्या, म्हनजे एकाच मापाच्या-डिझाइनच्या, कारन एकटी बोट रेस कोनासंग करनार? मी तर होबी 16 हे कॅटामरानच म्हनीन. डिझाइन जुनं आहे पन वजन 145 किलोच्या घरात, दोघं मिळून चालवतात, आन मेन गोष्ट म्हनजे तिला खाली डॅगरबोर्ड, म्हनजे पान्यात खाली जानारी फळी, नाई. आपल्या गोसीखुर्दसारख्या धरनात पानी उतरलं का बुडालेल्या झाडायचे खुंट वर येतात, तिथं बोर्डवाली बोट कवा अडकन सांगता येत नाई.

रेस नंतर, पोरायले आधी उलटलेली बोट सरळ करनं शिकवजो. बोटीचं नाक वाऱ्याकडं आलं पायजे, मंग दोघं खालच्या हलवर उभं राहून दोर धरून मागं झुकले का शीड हळूहळू पान्यातून सुटते. पोरं हलकी असली तर तिसरा गडी लागते, म्हनून रेस्क्यू बोट पायजेच पायजे.

टॅक मारतानी, म्हनजे नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूले वळवतानी, ही बोट मधातच थांबते, तवा जिब (समोरचं छोटं शीड) लवकर सोडायची नाई, उलट्या बाजूनं वारा भरू द्यायचा, नाक वळलं का मंगच सोडायची.

आन मास्ट, म्हनजे शिडाचा खांब, अल्युमिनियमचा, आठ मीटरचा आहे भाऊ! काठावर विजेचे तार कुठून जातात ते आधी पायी फिरून पायजो, मंगच उभा करजो. जुन्या डिंगीवाल्यायले, म्हनजे एका हलची छोटी शिडाची बोट चालवनाऱ्यायले, पहिल्या रविवारी तूच या बोटीवर बसवजो.