वाचकांचे प्रश्न: हवामान बदल शिकवायचाय, मुलांना वाचायला काय देऊ?

प्रश्न : ताई, मी सातवीला विज्ञान शिकवते. हवामान बदलाचा धडा वर्गात वाचून घेतला, खालचे प्रश्न सोडवून घेतले, सगळ्यांनी नीट लिहिले. नंतर एकदा सहज विचारलं की पृथ्वी का तापतेय, तर अर्धा वर्ग म्हणाला, ओझोनला भोक पडलंय म्हणून! धड्यात असं कुठेच नाहीये. मग हे येतं कुठून?

मुलं वर्गात यायच्या आधीच हे कुठेतरी ऐकून आलेली असतात. वर भोक, भोकातून जास्त ऊन आत, म्हणून खाली गरम, हे चित्र इतकं सोपं आहे की ते पटकन डोक्यात बसतं. तुमचा धडा माहिती बरोबर देतो पण त्या चित्राला हातच लावत नाही, मग मुलं धड्यातलं परीक्षेपुरतं लिहितात आणि आतलं चित्र होतं तसंच राहतं. वाचनावर संशोधन करणाऱ्यांना हे पुन्हा पुन्हा दिसलंय, की जो मजकूर चुकीची समजूत आधी उघड लिहितो, ती चूक आहे हे सरळ सांगतो आणि लगेच खरं कारण समजावतो, तो नुसती माहिती देणाऱ्या मजकुरापेक्षा जास्त कामाला येतो. असा मजकूर तयार मिळाला नाही तर स्वतः लिहा, दहा ओळी पुरतात. उदाहरणार्थ असा :

"बऱ्याच जणांना वाटतं की ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे जास्त ऊन आत येतं आणि पृथ्वी तापते. तसं नाहीये. ओझोनचा थर सूर्याचे अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला की त्वचेला आणि डोळ्यांना धोका वाढतो, पण पृथ्वी तापण्याचं मुख्य कारण ते नाही. उन्हानं जमीन आणि समुद्र तापतात आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात परत वर जायला निघते. पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन हे वायू त्यातले बरेच किरण शोषतात आणि काही उष्णता परत खाली पाठवतात. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून माणसानं हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवला, म्हणून आता पूर्वीपेक्षा जास्त उष्णता अडकते."

हे वाचायला द्यायच्या आधी प्रत्येकाला स्वतःचं उत्तर वहीत लिहू द्या, ते तपासू नका. मग वाचताना "तसं नाहीये" पाशी थांबा आणि विचारा की का नसेल. वाचून झाल्यावर मुलांनी आपलंच आधीचं उत्तर काढून त्यात काय बदलायचं ते स्वतः बदलायचं. मला विचाराल तर खालच्या पाच प्रश्नांपेक्षा हे एवढं केलं तरी जास्त पदरात पडतं.

अजून एक, वायूंनी अशी उष्णता अडकवून ठेवणं, म्हणजेच हरितगृह परिणाम, हे काहीतरी वाईटच असं मुलांना वाटायला नको. तो मुळीच नसता तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं, ते 15 च्या आसपास आहे ते त्याच्यामुळेच. प्रश्न तो वाढवण्याचा आहे. आणि एखाद्या हुशार मुलीनं विचारलं की ओझोन खाणारे वायू पण उष्णता अडवतात ना, तर हो म्हणा, ती बरोबर आहे, दोन विषयांची सरमिसळ होते त्याचं ते पण एक कारण आहे.

प्रश्न : आलेख आला की मुलं तो सोडून पुढचा परिच्छेद वाचायला लागतात. काय करायचं?

आलेख पण वाचायचाच असतो, आणि सावकाश वाचायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. एकच आलेख घ्या, हवाई बेटांवरच्या मौना लोआ या डोंगरावरच्या मोजणीचा. चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1958 मध्ये तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाख भागांत साधारण 315 भाग होता, आता 420 च्या वर गेलाय. कारखानदारीच्या आधी तो 280 च्या आसपास होता, हे बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळलंय.

आता शीर्षक झाका आणि नुसती रेघ दाखवा. पहिल्यांदा मुलं म्हणतील वर चाललीये, ठीक आहे. मग विचारा, रेघेला करवतीसारखे दाते का आहेत? इथे घाई करू नका, उत्तर सांगून तर अजिबात टाकू नका. दरवर्षी मे महिन्यात टोक, सप्टेंबर-ऑक्टोबरकडे खाली, परत वर. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, म्हणजे झाडंझुडपं पण जास्त, तिथल्या उन्हाळ्यात ती वाढताना कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि पानं गळून कुजायला लागली की तो परत हवेत येतो. हे एखाद्या मुलाला स्वतःहून सुचलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो! मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, झाडं दरवर्षी जेवढं घेतात जवळपास तेवढंच परत देतात, तर मग पूर्ण रेघच वर का सरकतेय?

आणि उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो की 310 पासून, तेही बघायला लावा. 310 पासून सुरू केला की चढ जास्त उभा दिसतो. आकडे खरेच आहेत, पण चित्र कसं काढलंय ते ओळखता यायलाच हवं.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. या विषयावरचं जे काही तिच्या हातात येतं त्यात आता सगळं संपलं असाच सूर असतो, वाचून ती गप्प होते. तिला काय देऊ?

बाबा म्हणून तुमची काळजी अगदी रास्त आहे. तिला सध्या इशारे कमी आणि शोधाची गोष्ट जास्त द्या, कारण हे आपल्याला कळलं कसं ते समजलं की विषय हाताबाहेरचा वाटत नाही. 1856 मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली, कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं साध्या हवेच्या नळकांड्यापेक्षा जास्त तापलं आणि निवायलाही जास्त वेळ लागला. असा वायू हवेत जास्त असेल तर पृथ्वी पण जास्त तापेल, असं त्यांनी तेव्हाच लिहिलं. 1859 मध्ये जॉन टिंडल यांनी कुठले वायू उष्णतेचे किरण शोषतात ते प्रयोगशाळेत मोजायला घेतलं, आणि 1896 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियस या शास्त्रज्ञांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल त्याचं गणित हातानं मांडलं, उत्तर आलं 5 ते 6 अंश. आजचा अंदाज साधारण 3 अंशांचा आहे. म्हणजे त्यांचा आकडा जास्त आला पण दिशा बरोबर होती, आणि विज्ञान असं सुधारत जातं हे नववीच्या मुलीला नक्की आवडेल.

सोबत ओझोनची खरी गोष्ट पण द्या. 1987 मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, देशांनी ओझोन खाणारे वायू बनवणं थांबवत आणलं आणि तो थर आता हळूहळू भरून येतोय. तापमानवाढीचं काम याहून खूप मोठं आहे, ते लपवू नका, पण माणसं एकत्र येऊन असं काही करू शकतात हे तिनं वाचलेलं असायला हवं. आणि वाचून ती गप्प झाली तर लगेच समजूत घालायला जाऊ नका, कुठल्या वाक्यापाशी थांबलीस असं विचारा आणि ते वाक्य दोघांनी मिळून परत वाचा.

प्रश्न : "यंदा तर जास्त थंडी पडली, मग कसली तापमानवाढ?" असं मुलानं भर वर्गात विचारलं. मी गडबडलो.

चांगला प्रश्न आहे, फळ्यावर लिहून ठेवा. एका वर्षाची थंडी ही त्या वर्षाची हवा झाली, हवामान ठरवताना सहसा 30 वर्षांची सरासरी बघतात. एकाच ठिकाणचे बऱ्याच वर्षांचे आकडे मुलांना द्या, त्यातली थंड वर्षं शोधू द्या, ती सापडतीलच. मग दहा-दहा वर्षांची सरासरी काढायला लावा आणि सगळ्या जगाची तशीच सरासरी शेजारी ठेवा.

प्रश्न : इंटरनेटवरचा मजकूर वर्गात वापरला तर चालेल का?

चालेल, पण आकडा दिसला की तो कशाच्या तुलनेत आहे ते आधी शोधा. "पृथ्वी 1.1 अंशानं तापली" हे वाक्य अर्धवट आहे, 2011 ते 2020 ची सरासरी 1850 ते 1900 च्या तुलनेत एवढी जास्त आहे, असं आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, 2021 च्या अहवालात आहे. त्या अहवालांत नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं वेगळी आणि त्यातल्या त्यात सोप्या भाषेत दिलेली असतात. त्यातला एक प्रश्न निवडा, उत्तर तुमच्या शब्दांत मराठीत लिहा, आणि वर्गाला द्यायच्या आधी एका मुलाला मोठ्यानं वाचायला लावा. तो जिथे अडखळेल ते वाक्य तोडून दोन करा.