‘पट्टे फिरवायला’ जाऊ का?

तुझं पत्र वाचलं. मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, सॉर्टिंग कन्व्हेयर, म्हणजे माल वेगवेगळ्या लेनमध्ये वाटणारे सरकते पट्टे, बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनी म्हणून निवड, आणि बाबांचं म्हणणं, “पट्टेच फिरवायचे होते तर शिकलीस कशाला? त्यापेक्षा कोडिंगचा कोर्स कर.” यात पुढे काही आहे का, असं तू विचारतेस.

मी समुपदेशनात येण्याआधी बरीच वर्षं याच लाइनवर काम केलंय, म्हणून स्पष्ट सांगते: जा.

बेल्ट फिरवणं हा यातला सगळ्यांत सोपा भाग. एका रांगेत येणारा माल पाच-सहा लेनमध्ये वाटायचा म्हटलं की खरं काम सुरू होतं. खोके चिकटून आले तर ते दोन आहेत हे सेन्सरला कळतच नाही. म्हणून आधी त्यांच्यात अंतर पाडतात. पुढचा बेल्ट मागच्यापेक्षा वेगात पळवतात. समज, ३० सेंटिमीटर लांबीचे खोके १० सेंटिमीटर अंतर ठेवून येताहेत आणि पुढच्या बेल्टचा वेग दुप्पट आहे. मधलं अंतर किती होईल? २० नाही, ५०. वहीत मांडून बघ, का ते कळेल.

मग स्कॅनर बारकोड वाचतो, पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कंप्युटर, लेन ठरवतो आणि योग्य क्षणी पुशर खोक्याला बाजूला ढकलतो. सगळी मेख त्या ‘योग्य क्षणा’त आहे. सेन्सरपासून पुशर ३ मीटरवर, बेल्टचा वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे दीड सेकंद. नवखा माणूस सरळ दीड सेकंदाचा टायमर लावतो. मालाच्या ओझ्याने वेग १.८ वर आला की दीड सेकंदात खोका २.७ मीटरच पोचतो आणि पुशर रिकाम्या जागेवर फिरतो. म्हणून वेळ मोजायची नाही, बेल्ट किती सरकला ते मोजायचं. त्यासाठी एन्कोडर, म्हणजे चाक किंवा शाफ्ट जितका फिरेल तितके पल्स देणारा सेन्सर.

आणि एन्कोडर असूनही चुकतं! एका साइटवर रिकामी लाइन बिनचूक चालायची, माल वाढला की खोके भलत्याच लेनमध्ये. प्रोग्रामर म्हणे प्रोग्राम बरोबर आहे, फिटर म्हणे बेल्ट बरोबर आहे. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी बेल्टवर खडूने रेघ मारली आणि बेल्टच्या दर फेरीला एन्कोडरचे पल्स किती पडतात ते लिहीत बसलो. भरल्या बेल्टला आकडा दर वेळी जास्त. एन्कोडर मोटरच्या शाफ्टवर होता आणि ड्रमवर बेल्ट घसरत होता. मोटर फिरत होती, माल मागे राहत होता. बेल्टचा ताण नीट केला, एन्कोडरचं चाक थेट बेल्टवर टेकवलं आणि लाइन सुधारली.

ती रेघ मारायला सुचणारं माणूस या धंद्यात फार कमी सापडतं. त्याला बेल्टही कळावा लागतो, सेन्सरही आणि प्रोग्रामही. म्हणून बाबांचा कोडिंगचा आग्रह मला चुकीचा वाटत नाही, फक्त ते या कामातच शीक. पीएलसीचं लॅडर लॉजिक, म्हणजे शिडीसारख्या आकृतीत प्रोग्राम लिहायची त्याची पद्धत, शीक. प्रोग्रामच्या एका फेरीला १० मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात सेकंदाला २ मीटर जाणारा तो खोका २ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. हे डोक्यात ठेवून लिहिणारा प्रोग्रामर हवा असतो.

पहिल्या वर्षी नुसत्या ड्रॉइंगच्या टेबलावर अडकू नकोस, कमिशनिंगवर, म्हणजे साइटवर लाइन चालू करून द्यायच्या कामावर, पाठवा म्हणून मागे लाग. ते सोपं नाही. लाइन बंद मिळते ती बहुधा रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी, प्रवास खूप, आणि कधी कधी साइटवर तू एकटीच मुलगी असशील. ऑफर स्वीकारण्याआधी साइटवर किती दिवस, राहायची सोय कुणाची, बरोबर सीनियर कोण, हे लेखी विचार. विचारायला संकोच नको.

अजून एक, आणि हे मी हात जोडून सांगते. बेल्ट आणि रोलरच्या मधे हात ओढला जायला क्षणही पुरतो. इमर्जन्सी स्टॉप दाबला म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं समजू नकोस. मेन आयसोलेटर, म्हणजे मशीनची वीज तोडणारा मुख्य स्विच, बंद करायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं, किल्ली आपल्याच खिशात, मगच हात घालायचा. रुजू होशील त्या दिवशी स्वतःचं कुलूप मागून घे.