यीस्टचं पथ्य: काय बंद करायचं आणि काय नाही

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

योनीत वारंवार होणाऱ्या यीस्टच्या संसर्गावर उपाय म्हणून तू पाठवलेली पथ्याची यादी वाचली. साखर बंद, फळं बंद, धान्य बंद, दूध-दही बंद, मशरूम, व्हिनेगर, पाव, सुकामेवा, सगळं बंद, आणि तेही तीन महिने! यातली फक्त साखर लक्षात ठेव, बाकीची यादी सध्या बाजूला. आणि साखर कमी करण्याआधीही तपासणी करून घे.

हे यीस्ट म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी. ती कित्येक निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि योनिमार्गात असतेच. म्हणून शौचाच्या तपासणीत 'कॅन्डिडा सापडली' असं आलं, तर त्यावरून आजार ठरत नाही. सकाळी उठून ग्लासभर पाण्यात थुंकायचं आणि खाली उतरणारे धागे बघायचे, या घरगुती चाचणीला तर काहीच अर्थ नाही. लाळेत म्यूसिन नावाचं चिकट द्रव्य असतं, त्याचेच ते धागे.

तुला वर्षात तिसऱ्यांदा त्रास झालाय, म्हणजे हा 'वारंवार होणारा' संसर्ग धरायचा. अशा वेळी दुकानातून मलम आणून लावत बसू नये. खाज, आग आणि दह्यासारखा घट्ट पांढरा स्राव ही यीस्टची लक्षणं खरी, पण जिवाणूंच्या संसर्गातही अंगावरून पांढरं जातं आणि घरच्या घरी केलेलं निदान बऱ्याचदा चुकतं. डॉक्टर स्रावाचा पीएच, म्हणजे तो किती आम्लधर्मी आहे, ते बघतात. यीस्टमध्ये तो साधारण 4.5 च्या आत राहतो, जिवाणूंच्या संसर्गात वर जातो. स्वॅबचं कल्चर करून, म्हणजे कापसाच्या काडीने घेतलेला स्राव प्रयोगशाळेत वाढवून, कॅन्डिडाची जात कोणती तेही विचार. अल्बिकन्स ही जात असेल तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध सहसा लागू पडतं. ग्लाब्राटा ही जात असेल तर ते बरेचदा पुरं पडत नाही आणि औषध बदलावं लागतं. कितीही कडक पथ्य केलंस तरी हा फरक कल्चरशिवाय कळणार नाही. सोबत एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घे. अलीकडे अँटिबायोटिक घेतलं का, स्टेरॉइड चालू आहे का, हेही डॉक्टरांना सांग. मधुमेहाच्या काही गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यांनीही हा त्रास वाढतो.

संसर्ग नक्की झाला तर उपचार औषधाचाच. वारंवार होणाऱ्या त्रासात फ्लुकोनॅझोल सुरुवातीला पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी आणि मग आठवड्याला एकदा असं सहा महिने, ही एक रुळलेली पद्धत आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायची. गर्भधारणेची शक्यता असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं.

आता पथ्याच्या मुळाशी असलेली कल्पना: साखर तोडली की बुरशी उपाशी मरते. खाल्लेली साखर बहुतांशी लहान आतड्यातच शोषली जाते. 1999 साली 28 निरोगी लोकांना भरपूर साखरेचा आहार देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या कॅन्डिडावर फारसा परिणाम दिसला नाही. रक्तातली साखर सतत चढलेली असणं मात्र वेगळं. मधुमेह आटोक्यात नसेल तर यीस्टला खरंच रान मोकळं मिळतं. थकवा, डोकं जड होणं, पोट फुगणं या सगळ्याला यीस्टच जबाबदार, ही कल्पना 1980 च्या दशकात गाजली. 1990 मध्ये अशी तक्रार असलेल्या 42 स्त्रियांवर निस्टॅटिन हे बुरशीविरोधी औषध आणि नकली औषध यांची तुलना झाली. योनीच्या तक्रारी खऱ्या औषधाने जास्त कमी झाल्या. थकव्यासारख्या अंगभर तक्रारींत दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता, कारण नकली औषधानेही बरं वाटलं होतं.

ही शेवटची गोष्ट विसरू नकोस, कारण पथ्य सुरू केल्यावर तुलाही बरं वाटेल आणि त्याचं श्रेय भलत्यालाच जाईल. गहू, कांदा, दूध एकदम सोडलं की पोट फुगणं कमी होतं, पण ते आतड्यात आंबणारे पदार्थ कमी झाल्यामुळे. त्यावरून बुरशी मेली असं म्हणता येत नाही.

म्हणून असं कर. पहिले सात दिवस काही न बदलता रोज रात्री खाज, स्राव, पोट फुगणं, झोप आणि थकवा यांना 0 ते 10 गुण दे. नंतर चार आठवडे फक्त वरून घातलेली साखर, मध, सरबतं आणि फळांचे रस मिळून दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेव. 4 ग्रॅम म्हणजे एक छोटा चमचा. 330 मिलीच्या गोड थंड पेयाच्या डब्यात साधारण 35 ग्रॅम असते, म्हणजे एका डब्यातच दिवसाचा हिशेब संपतो. पाकिटाच्या मागे डेक्स्ट्रोज, माल्टोज, ग्लुकोज सिरप, फळांच्या रसाचा अर्क असं लिहिलं असेल तर तीही साखरच. 'साखर घातलेली नाही' असं पुढे ठळक छापलेलं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाच.

बाकी जेवण सोडायचं नाही. अख्खी फळं दोन, भाज्या 400 ग्रॅम, साधं दही, डाळी, अंडी, भात, सगळं चालेल. तुझं वजन 55 किलोच्या आसपास असेल तर प्रथिनं 45 ते 55 ग्रॅम हवीत. एका अंड्यात 6 आणि अर्धा कप शिजलेल्या डाळीत 8 ते 9 ग्रॅम मिळतात. कर्बोदकं 130 ग्रॅमच्या खाली नेऊ नकोस. कपभर भातात सुमारे 45 असतात. मशरूम खाल्ल्याने किंवा भाजलेल्या पावातल्या मेलेल्या यीस्टने कॅन्डिडा वाढत नाही. ती वेगळी जात आहे. गंमत म्हणजे पावातल्या यीस्टला घाबरणाऱ्या अशाच याद्या पुढे सॅकरोमायसिस बूलार्डीच्या कॅप्सूल सुचवतात, आणि तीही यीस्टच! बुरशीविरोधी गोळी चालू असताना ती घेणं फुकट जाऊ शकतं. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या माणसाने तर तिच्या वाटेला जाऊच नये. लसूण किंवा तीव्र तेलं योनीत लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. नाजूक त्वचा भाजते.

पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, चिडचिड झाली, तर कुणीतरी सांगेल की 'बुरशी मरतेय, म्हणून विष सुटतंय.' असं समजून नेटाने उपास करत राहणं धोक्याचं आहे. कर्बोदकं एकदम तोडली की ग्लायकोजेनबरोबर (शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर) पाणी आणि मीठ शरीराबाहेर जातं, त्यात चहा-कॉफीही सोडली असेल तर डोकं दुखणारच. जेवण वाढव, पाणी पी, चहा हळूहळू कमी कर. बद्धकोष्ठ झालं तर समज, साखरेच्या जोडीने भाज्या आणि धान्यही कमी झालंय.

पोटाची तक्रार उरलीच तर एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे बंद करायचा आणि मग तीन दिवस परत खाऊन बघायचा. आधी दूध, मग गहू, मग कांदा-लसूण. परत खाण्याची पायरी गाळलीस तर यादी वाढत जाईल आणि नेमकं काय बाधतं ते कधीच कळणार नाही.

वजन दुसऱ्या आठवड्यानंतरही उतरत राहिलं, पाळी लांबली, किंवा ताटाकडे पाहून भीती वाटू लागली, तर त्याच दिवशी थांबायचं. गिळताना दुखणं, ताप, शौचातून रक्त यांपैकी काही असेल तर पथ्याचा विचार सोड आणि आधी डॉक्टर गाठ.

स्वॅबचा अहवाल आला की सात दिवसांच्या गुणांसकट पाठव. आणि तू रोज खातेस त्या दोन-तीन पाकिटांच्या मागच्या बाजूचे फोटोही जोड.

तुझं भलं चिंतणारी,
ताई