काळा पडलेला प्लग पॉइंट, जुनी चाळ आणि घरमालकाची जबाबदारी

प्रश्न : आम्ही गिरगावातील एका चाळीत आजोबांच्या काळापासून पागडीने राहतो. इमारत १९४० पूर्वीची आहे आणि भाडे दरमहा ३५० रुपये आहे. विजेचा मीटर आमच्या नावावर आहे. दोन खोल्यांत मिळून दोनच प्लग पॉइंट असल्याने एका पॉइंटला एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर फ्रिज, एक टनाचा एसी आणि इंडक्शन शेगडी चालवतो. फ्यूज वारंवार उडत असे, म्हणून वायरमनने त्यात जाड तार घालून दिली. गेल्या महिन्यात तो पॉइंट काळा पडला आणि जळका वास येऊ लागला. घरमालक म्हणतात, ‘लोड तुमचा, तेव्हा खर्चही तुमचा.’ वीजभार वाढवण्यासाठी ते ना-हरकत पत्र देत नाहीत. एसी विनापरवानगी लावल्याबद्दल खोली खाली करून घेण्याची आणि वीज बंद करण्याची धमकीही देतात. आम्ही काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत गंभीर वाक्य घरमालकाचे नसून वायरमनचे आहे. फ्यूजची तार वितळते ती वायर तापण्याआधी प्रवाह तुटावा म्हणून. तिच्या जागी जाड तार घातली की तापण्याची पाळी थेट भिंतीवरच्या वायरीवर येते. साध्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टला जेमतेम १४०० वॉट चालू शकतात. आपली शेगडी पूर्ण आचेवर २००० वॉटच्या आसपास घेते, एसी सुमारे १२०० वॉट घेतो आणि फ्रिज त्यावर वेगळा. म्हणजे त्या पॉइंटमधून क्षमतेच्या दुपटीहून अधिक प्रवाह जात होता, आणि प्रवाह दुप्पट झाला की वायरीतील उष्णता चौपट होते. म्हणून पुढील सल्ला वाचण्यापूर्वीच ती जाड तार काढून योग्य क्षमतेचा फ्यूज बसवून घ्यावा आणि काळा पडलेला पॉइंट पूर्णपणे बंद ठेवावा. हे मी विजेचा जाणकार म्हणून नव्हे, आपला दावा टिकावा म्हणून सांगत आहे.

आता खर्चाचा प्रश्न. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार भाड्याची जागा राहण्यायोग्य व सुस्थितीत ठेवण्यासाठी लागणारी दुरुस्ती करणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. परंतु हे कलम दुरुस्तीविषयी आहे, आपल्या वाढलेल्या गरजा भागवण्याविषयी नाही. घरमालकाने मुळात करून दिलेले वायरिंग कालांतराने जीर्ण झाले असेल, रबराचे आवरण तडकून तार उघडी पडली असेल, तर ते बदलणे ही दुरुस्ती आहे आणि तिची जबाबदारी त्यांची आहे. एसी आणि शेगडीसाठी नवे पॉइंट काढणे ही मात्र आपली भर आहे आणि तिचा खर्च आपल्यालाच करावा लागेल. ‘लोड तुमचा’ हे घरमालकांचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि वादात अर्धे खरे म्हणणेच खोडून काढायला अधिक अवघड जाते.

म्हणून सर्वप्रथम खोलीतील वायरिंग कोणी केले हे शोधावे. अनेक चाळींत घरमालकाने फक्त चार भिंती दिल्या आणि वीज भाडेकरूंनी आपल्या खर्चाने घेतली. आपल्या बाबतीत तसे असेल, तर खोलीतील वायरिंगसाठी कलम १४ चा आधार फारच क्षीण होतो. जिन्यातील व सामाईक जागेतील विजेपुरता तो उरतो. मीटर आपल्या नावावर असल्यामुळे घरमालक हाच मुद्दा पुढे करतील, पण मीटर कोणाच्या नावावर आहे यावरून वायरिंग कोणी केले हे सिद्ध होत नाही. जुना भाडेकरार, आजोबांच्या नावाच्या भाडेपावत्या, वीजजोडणीचा मूळ अर्ज यांत काही उल्लेख आहे का ते पाहावे, आणि चाळीतील वृद्ध शेजाऱ्यांना काय आठवते तेही लिहून ठेवावे. सर्वच खोल्यांत एकाच पद्धतीची लाकडी पट्टी आणि एकाच ठेवणीचे बोर्ड असतील, तर ते काम घरमालकाने एकत्रित करून घेतले होते असे म्हणण्यास आधार मिळतो. पट्ट्या उखडण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे अवश्य घ्यावीत, कारण नवे काम झाल्यावर हा पुरावा राहणार नाही.

दुरुस्ती घरमालकाच्या वाट्याची ठरत असल्यास त्यांना किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. ती पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टाने पाठवणे उत्तम. त्यानंतरही त्यांनी वाजवी मुदतीत काम केले नाही, तर ते स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून वजा करण्याचा अधिकार कायदा आपल्याला देतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक रक्कम वजा किंवा वसूल करता येत नाही. आपले वर्षाचे भाडे ४,२०० रुपये, म्हणजे वजावट फार तर १,०५० रुपये. दोन खोल्यांच्या नव्या वायरिंगचा खर्च या गतीने वळता व्हायला एक पिढी जाईल. त्यामुळे नोटिशीकडे पैसे परत मिळवण्याचे साधन म्हणून पाहू नये. तिचे खरे मोल असे की, धोका घरमालकाच्या लेखी निदर्शनास आला होता हे त्या तारखेपासून निर्विवाद ठरते.

ही तारीख आपल्यालाही लागू होते. धोका आहे असे लिहून द्यायचे आणि त्याच पॉइंटवर एसी चालू ठेवायचा, असे झाल्यास उद्या दुर्घटना घडली तर आपलीच नोटीस आपल्याविरुद्ध पुरावा होईल. आगीत शेजाऱ्यांचे नुकसान झाले, तर ते आपल्याकडे भरपाई मागू शकतात. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तेव्हा जाड तार कोणाच्या घरात होती हा प्रश्न भाडेपावतीवर सही कोणाची होती या प्रश्नाच्या आधी विचारला जाईल.

घरमालक दाद देत नाहीत म्हणून भाडे थांबवण्याचा सल्ला चाळीत कोणीतरी हमखास देतो. तो मानू नये. थकबाकीची नोटीस मिळाल्यानंतर ९० दिवसांत भाडे न भरल्यास घरमालकाला भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम १५ खाली ताब्याचा दावा लावता येतो. आज त्यांच्याकडे नसलेले कारण आपण त्यांच्या हाती देऊ नये.

एसीच्या धमकीने मात्र घाबरून जाण्याचे कारण नाही. घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे हे कलम १६ नुसार ताबा मागण्याचे एक कारण आहे, परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, फॉल्स सीलिंग इत्यादींबरोबर एसी बसवण्याचे कामही कायमस्वरूपी बांधकामातून वगळले आहे. हे वगळणे महापालिकेची परवानगी जेथे आवश्यक असेल तेथे ती घेण्याच्या अधीन आहे. जपायला हवे ते भिंतींना. मालमत्तेला कायमची हानी पोहोचेल असे कृत्य हे त्याच कलमाखाली ताबा मागण्याचे स्वतंत्र कारण आहे. त्यामुळे जुन्या भिंतींत खाचा पाडून वायर आत लपवण्याचा मोह टाळावा आणि सर्व वायरिंग पीव्हीसी पट्टीतून भिंतीवरूनच न्यावे. दिसायला ते बरे दिसत नाही, हे मान्य.

काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे. एसी आणि शेगडी यांना स्वतंत्र १६ अँपिअरचे पॉइंट, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (जादा प्रवाह होताच आपोआप बंद होणारा स्विच) आणि संपूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. तळमजल्यावरील मीटरपासून आपल्या खोलीपर्यंत जिन्यातून येणारी वायर तपासायला ठेकेदाराला आवर्जून सांगावे. खोलीत सर्व काही नवे आणि जिन्यात मात्र जुनीच बारीक वायर, असा प्रकार चाळींत वारंवार आढळतो. त्या वायरींचा गठ्ठा सर्वच बिऱ्हाडांचा असल्याने शेजाऱ्यांनी मिळून एकच नोटीस द्यावी आणि काम एकत्र करावे. कलम १४ भाडेकरूंना अशी संयुक्त दुरुस्ती करू देते. ठेकेदाराचे बिल, परवाना क्रमांक आणि चाचणी अहवाल जपून ठेवावा. इमारत उपकरप्राप्त (जिच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशी जुनी इमारत) असल्यास म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे दाद मागता येते, परंतु मंडळाचे काम प्रामुख्याने इमारतीच्या सांगाड्याच्या दुरुस्तीचे आहे. खोलीतील वायरिंगसाठी तेथे खेटे घालण्यात अर्थ नाही.

वीजभार वाढवण्याचा अर्ज आपण ग्राहक या नात्याने आपल्या भागात वीज पुरवणाऱ्या बेस्टकडे स्वतः करू शकता. विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ४३ जागेच्या मालकाप्रमाणेच भोगवटादारालाही, म्हणजे जागेत प्रत्यक्ष राहणाऱ्यालाही, वीज मागण्याचा अधिकार देते. दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की, घरमालकाने ना-हरकत पत्र दिले नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत प्रत्यक्ष राहतो की नाही एवढेच पाहायचे असते. हा निर्णय थेट भारवाढीविषयी नाही, परंतु त्यातील तत्त्व आपल्या अर्जालाही लागू पडते, असे माझे मत आहे. अर्जाला भाडेपावती, अलीकडचे वीजबिल आणि ठेकेदाराचा अहवाल जोडावा. केवळ ना-हरकत पत्राअभावी अर्ज अडल्यास नकार लेखी मागावा आणि ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे व तेथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपालाकडे जावे.

राहिली वीज बंद करण्याची धमकी. योग्य कारणाशिवाय भाडेकरूची वीज, पाणी किंवा जिन्यातील दिवेसुद्धा तोडण्यास भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ ने घरमालकाला मनाई केली आहे, आणि तसे करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. वीज खरोखरच तोडली गेली, तर त्याच दिवशी पोलिसांत लेखी तक्रार नोंदवावी आणि मुंबईच्या लघुवाद न्यायालयात कलम २९ खाली अर्ज करून पुरवठा पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश मागावा. अशा अर्जावर घरमालकाचा पहिला बचाव ‘धोकादायक वायरिंग होते म्हणून तोडले’ असाच असेल, आणि त्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल आपल्या हाती असला पाहिजे.